एका दमात किती हवा सोडता? हचिन्सनच्या पद्धतीने मोजा

जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने दोन हजारांहून अधिक लोकांचे श्वास मोजून १८४६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या स्पायरोमीटरमध्ये पाण्यात एक पिंप पालथं घातलेलं असे. नळीतून फुंकलं की ते वर उचललं जाई आणि पट्टीवर आकडा वाचता येई. पिंपाचा भार फुंकणाऱ्यावर पडू नये म्हणून कप्पीवरून वजनं सोडलेली असत. कप्पी नसली तरी तेच मोजमाप घरी जमतं.

पाण्याचा ५ लिटरचा पारदर्शक कॅन घ्या. मापाने अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत जा आणि दर वेळी पातळीवर मार्करने रेघ मारा. कॅन पालथा केल्यावर हवा तळाकडे साठते, त्यामुळे याच रेघा थेट वाचता येतात.

आता कॅन काठोकाठ भरा, तोंड तळव्याने दाबून धरा आणि अर्ध्या भरलेल्या मोठ्या टबात पालथा करा. तोंड पाण्याखाली गेल्यावरच हात काढा. बोटभर जाडीच्या स्वच्छ नळीचं टोक कॅनच्या तोंडात सरकवा. बारीक नळी नको, तिच्यातून फुंकताना दम कोंडतो. कॅन दुसऱ्या कुणीतरी धरावा.

ताठ उभे राहा, नाक चिमटीत धरा, छाती भरून श्वास घ्या आणि अगदी शेवटपर्यंत सोडा. नळीतून हवा आत ओढू नका. थोडं थांबून पुन्हा करा. तीन प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा धरा. घाईने लागोपाठ फुंकलं तर चक्कर येते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.

वाचण्याआधी मिनिटभर थांबा आणि कॅन वरखाली करून आतली-बाहेरची पातळी एक करा. हचिन्सनची वजनं हेच काम करत. त्याहून मोठी चूक तापमानाची असते. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची, ती पाण्यावर येऊन थंड होते आणि आकसते. पाणी २५ अंशांचं असेल तर आकड्याला १.०७५ ने गुणा. म्हणजे ३.५ लिटर वाचलं तर खरे सुमारे ३.७६ लिटर.

मग घरातल्या वेगवेगळ्या उंचीच्या मोठ्या माणसांचे आकडे उंचीसमोर मांडा. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान दर इंचामागे ८ घनइंच, म्हणजे साधारण १३० मिलिलिटर हवा वाढते, असं हचिन्सनला आढळलं होतं. माणूस बदलला की नळीचं टोक साबणाने धुवा.