साताऱ्याच्या गच्चीवरून शुक्राचं हवामान कसं समजून घ्यावं

शुक्राची चांदणी ओळखायला दुर्बीण लागत नाही. ज्या दिवसांत ती संध्याकाळी असते, तेव्हा साताऱ्यातून यवतेश्वरच्या डोंगराकडे बघावं. चंद्र सोडला तर सगळ्यात ठळक ठिपका तोच. हा ठळकपणा जमिनीचा नाही, ढगांचा. अख्ख्या ग्रहावर ढगांचं झाकण आहे आणि त्यावर पडलेलं बहुतेक ऊन तसंच माघारी फिरतं. तरी खाली जमिनीवर 465 अंश सेल्सिअस. शिसं वितळेल एवढी धग. उन्हाला दारातच अडवलं, तर घर पेटलं कसं?

साहित्य फारसं नाही: भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर (तापाचा नको), वही, पाणी तापवायचा रॉड, आणि पाचगणीला एक फेरी.

पायरी १: उन्हाचा हिशेब मांडा

पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला 1361 वॅट ऊन येतं, शुक्राजवळ सुमारे 2600. पण पृथ्वी शंभरातले तीस परत करते, शुक्र जवळपास 76. आता गुणाकार करा. पृथ्वीकडे राहिले 953, शुक्राकडे 624. आकडे पुन्हा तपासा, चूक नाही: सूर्याच्या जवळ असूनही शुक्र आपल्यापेक्षा कमी ऊन पचवतो. त्यातलंही बरंचसं ढगांत आणि त्यांच्या वरच मुरतं. जमिनीपर्यंत पोचतात मूळ आलेल्या शंभरातले जेमतेम दोन-तीन.

पायरी २: दोन रात्री मोजा

जानेवारीतली एक निरभ्र रात्र आणि एक ढगाळ रात्र निवडा. रात्री नऊला आणि पहाटे सहाला तापमान लिहा. थर्मामीटर कपडे वाळत घालायच्या दोरीला मधोमध टांगायचा. मी पहिल्यांदा तो कठड्यावर ठेवला होता. दिवसभर तापलेला कठडा रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहिला आणि त्या रात्रीचे सगळे आकडे फुकट गेले.

निरभ्र रात्री पारा जास्त उतरलेला दिसेल. जमिनीची उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात थेट आभाळात निघून जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते अशाच स्वच्छ, वारा नसलेल्या पहाटे. ढग आले की अंगावर वाकळ पडल्यासारखं होतं.

शुक्रावरची वाकळ मात्र भलतीच जाड. हवेत 96.5 टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि जमिनीवर दाब पृथ्वीच्या सुमारे 92 पट. कार्बन डायऑक्साइडमधून जी फट राहते ती सल्फर डायऑक्साइड, थोडी वाफ आणि ढग बुजवतात. उष्णता बाहेर पडत नाही असं नाही. आत येते तेवढी शेवटी जातेच, पण ती जाते ढगांच्या माथ्यावरून, जमिनीवरून नव्हे. ही गोष्ट पुढच्या पायरीला लागणार आहे.

पायरी ३: पसरणी घाट उतरा

पाचगणीत तापमान बघा, घाट उतरून वाईत पुन्हा बघा. दोन्हीकडे सावलीत, आणि मध्ये वडापाव खायला थांबू नका, तेवढ्यात ऊन चढतं. सहाशेएक मीटर उतारात तीन-चार अंशांचा फरक पडतो. खालची हवा वरच्या हवेच्या वजनाने दाबलेली असते, आणि दाबली की हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तसंच.

आता हाच घाट शुक्रावर न्या. तिथे ढगांच्या माथ्याच्या बऱ्याच खाली, पन्नास किलोमीटर उंचीवर साधारण 75 अंश असतात. तिथून उतरताना दर किलोमीटरला सरासरी 7.8 अंश चढतात. पन्नास गुणिले 7.8 म्हणजे 390. त्यात 75 मिळवा: 465. भट्टीचं कोडं इथे सुटतं. उष्णता जिथून निसटते तो माथा थंड आहे, पण तिथून जमिनीपर्यंतचा घाट फार लांब आहे.

म्हणूनच 1982 साली उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा 13 जमिनीवर 127 मिनिटं टिकलं, तर 1985 च्या सोव्हिएत वेगा मोहिमेचे फुगे 54 किलोमीटरवर जवळपास दोन दिवस तरंगत राहिले.

पायरी ४: बादलीत रॉड सोडा

खोल प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड वरच्या अर्ध्यात राहील असा लावा. थोड्या वेळाने बटण बंद करून प्लग काढा, मगच हात घाला. वर चटका, तळाशी गार. वरून तापवलं की पाणी ढवळलं जात नाही. गुऱ्हाळातल्या काहिलीत उलटं: चुलवाणाची आच खालून, म्हणून रस उसळत राहतो.

शुक्राच्या ढगांत दोन्ही आहे. तळाला खालची धग लागते, तिथे काहिलीसारखी उसळी. माथ्यावर सूर्याचा रॉड. तिथला कुठला तरी पदार्थ अतिनील किरणं भरपूर शोषतो. तो नेमका कोणता, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

हा रॉड एका जागी नसतो, दुपारबरोबर सरकतो. त्यातून हवेत भरतीसारख्या लाटा उठतात आणि त्या वाऱ्याला रेटा देतात. शुक्राला स्वतःभोवती फिरायला 243 दिवस लागतात, पण माथ्यावरचे ढग ताशी 360 किलोमीटरने धावत चारेक दिवसांत फेरी मारतात. 2015 पासून शुक्राभोवती फिरलेल्या जपानच्या आकात्सुकी यानाच्या निरीक्षणांवरून 2020 मध्ये या लाटांचा वाटा उलगडला. जमिनीलगत मात्र वारा चालत्या माणसाहूनही संथ.

पायरी ५: वळवाची वाट बघा

शुक्राचे ढग पाण्याचे नाहीत, गंधकाम्लाचे. तेही उन्हानेच घडवलेले: ऊन कार्बन डायऑक्साइड फोडतं, सुटलेला ऑक्सिजन सल्फर डायऑक्साइडला मिळतो, त्यात पाण्याची वाफ आली की आम्ल तयार.

हे आम्ल थेंबाथेंबाने खाली पडतं, पण जमीन गाठत नाही. मे महिन्यात दुपारी जरंडेश्वरकडे बघा. वळवाच्या ढगाखाली कधी कधी करडे पदर लोंबत असतात आणि अधांतरीच विरतात. खालच्या रानात मातीचा वाससुद्धा येत नाही. शुक्रावर पाऊस पडतो तो असाच, आणि कायम असाच.