रोस्टर हातात आल्यावर: वैमानिकाच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे तास कसे मोजावेत

रोस्टर, म्हणजे वैमानिकाच्या ड्युटीचं वेळापत्रक, नियमात बसतं का हे बघताना पहिली नजर जाते ती उड्डाणाच्या तासांवर. सुरुवात तिथून करू नये. आधी मागे बघायचं: ही ड्युटी सुरू होण्यापूर्वी विश्रांती पुरेशी झाली का? मग ड्युटीची कमाल लांबी, मग उड्डाणाचे तास आणि शेवटी आठवडा, महिना, वर्ष यांच्या बेरजा. विश्रांतीच अपुरी असेल तर ड्युटी सुरूच करता येत नाही आणि पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

प्रत्येक देशाचे आकडे वेगळे असतात. इथे अमेरिकेतल्या प्रवासी विमानसेवेचे नियम, म्हणजे ‘भाग ११७’, पायाला धरले आहेत. ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. फक्त माल वाहणाऱ्या विमानांना ते बंधनकारक नाहीत, कंपनीने स्वतःहून स्वीकारले तरच लागू होतात. युरोपचे आकडे जिथे ठळकपणे वेगळे आहेत तिथे तेही दिले आहेत. मोजायची रीत एकदा हाताखाली बसली की आपल्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधले आकडे घालून तीच वापरता येते.

तीन घड्याळं वेगळी ठेवा

फ्लाइट टाइम म्हणजे उड्डाणासाठी विमान स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचा वेळ. फ्लाइट ड्युटी पिरियड, म्हणजेच एफडीपी, रिपोर्टिंगच्या, म्हणजे कामावर हजर व्हायच्या, वेळेला सुरू होतो आणि शेवटच्या सेक्टरनंतर (सेक्टर म्हणजे एक टेकऑफ ते एक लँडिंग) विमान पार्क झाल्यावर संपतो. ड्युटी त्याहून मोठी: कंपनीसाठी केलेलं प्रत्येक काम तिच्यात येतं, मग ते प्रशिक्षण असो, कागदपत्रं असोत किंवा डेडहेड असो, म्हणजे कामाच्या ठिकाणी जायला किंवा परतायला प्रवासी म्हणून केलेला प्रवास.

सर्वांत जास्त घोळ डेडहेडचा होतो. उड्डाणाच्या आधी डेडहेड झाला आणि मध्ये विश्रांती नसली, तर तो एफडीपीत धरायचा. शेवटच्या उड्डाणानंतरचा डेडहेड एफडीपीत येत नाही, पण ती विश्रांतीही नव्हे. सकाळी सिम्युलेटर आणि दुपारी उड्डाण असेल तर एफडीपी सकाळीच सुरू झालेला असतो. विमानतळावरचा स्टँडबाय, म्हणजे राखीव म्हणून तिथे हजर राहणं, तोही पहिल्या मिनिटापासून एफडीपी.

पहिली पायरी: विश्रांती

ड्युटीतून सुटका झाल्यापासून पुढच्या रिपोर्टिंगपर्यंत सलग १० तास हवेत, आणि त्यांत झोपेसाठी अखंड ८ तासांची संधी हवी. या दोन स्वतंत्र अटी आहेत. पहिली पाळली की दुसरी आपोआप पाळली जाते हा समजच बहुतेक चुकांचं मूळ आहे.

समजा, सुटका २२:३० ला झाली आणि दुसऱ्या दिवशीचं रिपोर्टिंग ०८:३० ला आहे. कागदावर बरोबर १० तास. हॉटेल ४५ मिनिटांवर, म्हणजे खोलीत २३:१५ ला. पिकअप ०७:३० ला. मधे उरतात ८ तास १५ मिनिटं, आणि आंघोळ, कपडे, नाश्ता यांतच उरकायचं. आता गाडी ४० मिनिटं उशिरा आली. खोलीत पोचायला २३:५५, पिकअपपर्यंत ७ तास ३५ मिनिटं. दहा तासांची अट अजून शाबूत आहे, आठ तासांची मोडली. रात्री हॉटेलचा फायर अलार्म वाजून झोप तुटली तरी तीच गत. अशा वेळी वैमानिकाने कंपनीला कळवायचं असतं, आणि ठरलेली विश्रांती मिळेपर्यंत रिपोर्ट करता येत नाही. वरच्या उदाहरणात पिकअप आणि रिपोर्टिंग किमान २५ मिनिटं पुढे न्यावं लागेल. आमच्या मते तासभर पुढे नेलेलं बरं, कारण माणूस खोलीचं दार लावताच झोपत नाही.

म्हणून रोस्टर आखणाऱ्याने दर लेओव्हरसाठी, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामासाठी, गाडीचा खरा वेळ धरावा, रहदारी धरून. नकाशातलं अंतर उपयोगाचं नाही.

युरोपात घरच्या तळावर (वैमानिकाची नेमणूक जिथे असते तिथे) किमान विश्रांती १२ तास किंवा आधीची ड्युटी जितकी होती तितके तास, यांतलं जे जास्त असेल ते. बाहेरगावी १२ च्या जागी १० तास, आणि त्यांत ८ तास झोपेची संधी.

याशिवाय साप्ताहिक विश्रांती: ड्युटी सुरू होताना मागच्या १६८ तासांत सलग ३० तास पूर्ण मोकळे गेलेले असले पाहिजेत. इथे ‘आठवडा’ असा विचार केला की फसगत ठरलेली. उदाहरण घ्या. मोकळा काळ रविवारी ००:०० ला सुरू होऊन सोमवारी ०६:०० ला संपला. पुढच्या रविवारी १४:०० ला रिपोर्टिंग लागलंय. काम सुरू होऊन सहाच दिवस झाले, म्हणून ठीक वाटतं. पण १४:०० पासून १६८ तास मागे गेलं की आधीच्या रविवारचे १४:०० येतात आणि या १६८ तासांच्या खिडकीत मोकळ्या काळाचे १६ तासच उरतात. ड्युटी नियमबाह्य. अख्खे ३० तास खिडकीत बसायचे तर शेवटचं रिपोर्टिंग ३० तास संपल्यापासून १३८ तासांच्या आत हवं. इथे ते शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत. युरोपचा नियम ३६ तासांचा आहे, त्यात दोन स्थानिक रात्री याव्या लागतात आणि अशा दोन विश्रांतींमध्ये १६८ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही.

लांब पल्ल्यावर आणखी एक अट आहे. प्रवास ६० रेखांशांहून जास्त झाला आणि घरच्या तळापासून १६८ तासांहून अधिक काळ बाहेर काढला, तर परतल्यावर सलग ५६ तास विश्रांती, आणि तीत तीन पूर्ण रात्री.

दुसरी पायरी: एफडीपीची मर्यादा

दोन वैमानिकांच्या कॉकपिटसाठी मर्यादा रिपोर्टिंगच्या वेळेवर आणि सेक्टरच्या संख्येवर ठरते:

- ००:०० ते ०३:५९: ९ तास, सेक्टर कितीही असोत
- ०४:०० ते ०४:५९: चार सेक्टरपर्यंत १० तास
- ०५:०० ते ०५:५९: चार सेक्टरपर्यंत १२ तास
- ०६:०० ते ०६:५९: दोन सेक्टरपर्यंत १३, तीन-चारला १२
- ०७:०० ते ११:५९: दोन सेक्टरपर्यंत १४, तीन-चारला १३
- १२:०० ते १२:५९: चार सेक्टरपर्यंत १३ तास
- १३:०० ते १६:५९: चार सेक्टरपर्यंत १२ तास
- १७:०० ते २१:५९: दोन सेक्टरपर्यंत १२, तीन-चारला ११
- २२:०० ते २२:५९: दोन सेक्टरपर्यंत ११, तीन-चारला १०
- २३:०० ते २३:५९: तीन सेक्टरपर्यंत १०, चारला ९

पाचव्या सेक्टरपासून मर्यादा आणखी खाली येते, पण ९ तासांच्या खाली कुठेच जात नाही.

आकडे असे चढत-उतरत का जातात? पहाटे ०२:०० ते ०५:५९ या काळात शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला असतो. मध्यरात्रीनंतर सुरू होणारी ड्युटी याच काळातून जाते, म्हणून तिला सर्वांत कमी तास. सेक्टर वाढले की टेकऑफ आणि लँडिंग वाढतात, आणि डोक्यावरचा ताण तिथेच सर्वाधिक असतो.

ओळींच्या कडांवर लक्ष ठेवा. दोन सेक्टरसाठी ०५:४५ चं रिपोर्टिंग म्हणजे १२ तास, मर्यादा १७:४५ ला संपते. तेच ०६:०० ला ठेवलं तर १३ तास, म्हणजे १९:००. पंधरा मिनिटांनी सव्वा तास हाती येतो. आणि दोन सेक्टरच्या दिवशी तिसरा सेक्टर जोडला की मर्यादा नव्या संख्येने, पहिल्या रिपोर्टिंगपासून पुन्हा बघायची.

कुठलं घड्याळ धरायचं? एखाद्या भागात ७२ तास काढले किंवा तिथे सलग ३६ तास मोकळे मिळाले, की वैमानिक तिथल्या वेळेला सरावला असं मानतात. तोवर रिपोर्टिंगची वेळ आधी सरावलेल्या ठिकाणच्या घड्याळात बदलून वरच्या तक्त्यात बघायची आणि आलेल्या मर्यादेतून ३० मिनिटं वजा करायची. ही वजाबाकी हमखास विसरली जाते.

युरोपात दैनंदिन मर्यादेचं शिखर १३ तास. रिपोर्टिंग ०६:०० ते १३:२९ च्या दरम्यान आणि सेक्टर एक किंवा दोन असतील तर ती पूर्ण मिळते. तिसऱ्यापासून प्रत्येक सेक्टरला ३० मिनिटं कमी होतात.

तिसरी पायरी: उड्डाणाचे तास

दोन वैमानिक असतील तर रिपोर्टिंग ०५:०० ते १९:५९ मध्ये असताना ९ तास, एरवी ८. तीन वैमानिक असतील तर १३ आणि चार असतील तर १७ तास. तीन-चार वैमानिकांच्या उड्डाणात विश्रांतीची जागा कोणत्या वर्गाची आहे यावरही एफडीपी ठरतो: कॉकपिट आणि केबिनपासून वेगळा, सपाट झोपता येईल असा बंक पहिल्या वर्गात येतो. विमान उतरवणाऱ्याला एफडीपीच्या उत्तरार्धात सलग दोन तास विश्रांती मिळालीच पाहिजे.

चौथी पायरी: सरकत्या बेरजा

उड्डाण: ६७२ तासांत १००, आणि ३६५ दिवसांत १०००. एफडीपी: १६८ तासांत ६०, आणि ६७२ तासांत १९०. ६७२ तास म्हणजे २८ दिवस, पण खिडकी तासागणिक सरकते, त्यामुळे कॅलेंडरचा महिना संपला म्हणून काही पुसलं जात नाही. युरोपात मोजमाप एफडीपीचं नसून संपूर्ण ड्युटीचं आहे: ७ दिवसांत ६०, १४ दिवसांत ११०, २८ दिवसांत १९० तास. उड्डाणाला कॅलेंडर वर्षात ९०० ची वेगळी मर्यादा आहे.

पहाटे ०२:०० ते ०५:५९ या काळात शिरणाऱ्या रात्रपाळ्या सलग तीनच देता येतात. पाचपर्यंत जायचं तर प्रत्येक रात्री मधे दोन तास झोपायची योग्य सोय द्यावी लागते.

रिझर्व्ह

घरी बसून फोनची वाट बघण्याचा काळ कमाल १४ तासांचा. बोलावणं आलं तर तो काळ आणि एफडीपी यांची बेरीज, रिझर्व्ह सुरू झाल्यापासून, तक्त्यातली मर्यादा अधिक ४ तास किंवा १६ तास यांतलं जे कमी असेल त्याच्या आत हवी. रिझर्व्ह ०५:०० पासून, रिपोर्टिंग १२:०० ला, सेक्टर दोन. तक्ता १३ तास देतो, म्हणजे ०१:०० पर्यंत. पण १३ अधिक ४ म्हणजे १७, त्याहून १६ कमी, आणि ०५:०० पासून १६ तास २१:०० लाच भरतात. हाती ९ तासच आहेत. क्रू कंट्रोलने, म्हणजे वैमानिकांना ड्युटीवर बोलावणाऱ्या कंपनीच्या विभागाने, नुसता तक्ता बघितला की संध्याकाळी विमान अडकतं.

उशीर झाला तर

अनपेक्षित कारण टेकऑफपूर्वी आलं तर कॅप्टन आणि कंपनी दोघांच्या संमतीने एफडीपी २ तासांपर्यंत वाढवता येतो. ३० मिनिटांहून मोठी वाढ पुढची ३० तासांची विश्रांती मिळेपर्यंत एकदाच, ६० आणि १९० च्या बेरजा न ओलांडता. अशा वाढीचा अहवाल १० दिवसांत द्यायचा. कॅप्टन ‘नाही’ म्हणाला की विषय संपला, त्याच्यावर दबाव आणू नये.

ही सवलत एफडीपीची आहे, उड्डाणाच्या तासांची नव्हे. टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीकडे नेतानाच, लक्षात आलं की ९ तास ओलांडणार, तर विमान परत आणायचं. टेकऑफनंतर हवामानामुळे वेळ वाढला तर मात्र सुरक्षित उतरण्यापुरतं ओलांडता येतं.

सही करण्यापूर्वी

प्रत्येक सेक्टरपूर्वी वैमानिकाला आपण ड्युटीसाठी तंदुरुस्त असल्याचं स्पष्ट नोंदवावं लागतं. सगळे आकडे जुळले तरी ही नोंद खोटी असू शकते. दुसऱ्या शहरातून घरून तळावर येण्याचा प्रवास कोणत्याच घड्याळात मोजला जात नाही, पण तो झोप खातो. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोसळलेल्या कोलगन विमान कंपनीच्या ३४०७ क्रमांकाच्या उड्डाणाच्या दोन्ही वैमानिकांची घरं तळापासून दूर होती. त्या अपघातात ५० जण गेले आणि त्यानंतरच अमेरिकेत हे नियम नव्याने लिहिले गेले. म्हणून सही करण्यापूर्वी दोन आकडे मनाशी मांडा: मागच्या २४ तासांत किती झोपलो, आणि शेवटच्या लँडिंगला जागं होऊन किती तास झालेले असतील. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, हे १९९७ च्या प्रयोगांत मोजलं गेलं आहे. दुसरा आकडा १७ च्या जवळ जात असेल तर उड्डाण नाकारा, आणि रिपोर्टिंगच्या दारात येण्याआधी कळवा, म्हणजे बदली वैमानिक वेळेत मिळतो.