मोठ्या संख्येची ओळख कशी करून घ्यावी

मोठी संख्या समोर आली की हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. त्याआधी तिच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघावं. उदाहरण म्हणून ७,२०,७२० घेऊ. वही-पेन्सिल घेऊनच बसा, कारण खरी गोडी स्वतः आकडेमोड करण्यात आहे.

आधी स्वल्पविराम काढून टाका: ७२०७२०. एकच ७२० दोनदा लिहिलंय! तीन अंकी संख्या अशी जोडून दोनदा लिहिली की ती १००१ पट होते, कारण ७२० हजारांत आणखी ७२० मिळवलेले असतात. आणि १००१ म्हणजे ७×११×१३. एकही भागाकार न करता तीन मूळ अवयव हाती आले. (असं काही दिसलं नाही तर २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी ओळीने भाग देत जायचं. उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत पोचलात की थांबायचं.)

राहिले ७२०. त्याचे अवयव तोंडीच पडतात, आणि पूर्ण मांडणी अशी होते:

७,२०,७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३

ही ओळ म्हणजे संख्येची कुंडलीच. घातांक सगळे सम नाहीत, म्हणजे ही पूर्ण वर्ग नाही. विभाजक किती? एखादा विभाजक बनवताना २ हा शून्य ते चार वेळा घेता येतो, म्हणजे पाच पर्याय. ३ चे तीन, बाकी चौघांचे दोन-दोन. ५×३×२×२×२×२ = २४०. हिच्याहून लहान कुठल्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशाच संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ साली मोठा शोधनिबंध लिहिला. शिवाय १ ते १६ या सर्वांचा हा लसावि आहे. १७ ने मात्र भाग जात नाही.

आता अंकांकडे वळा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी हा नाद अनेकांना लावला, मलाही. अंकांची बेरीज १८. ७२०७२० ÷ १८ = ४००४०, बाकी शून्य. आपल्याच अंकबेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी.

शेवटची कसोटी माझ्या सर्वांत आवडीची. एखाद्या संख्येत तिचीच अंकबेरीज मिळवून आपली संख्या येते का? कुठूनच येत नसेल, तर ती देवळाली संख्या, जशी २०. शोधायला उलट जायचं: आपल्या संख्येतून एखादी अंकबेरीज वजा करायची आणि उरलेल्या संख्येची अंकबेरीज तीच येते का बघायचं. संख्या आणि तिची अंकबेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. आपली संख्या ९ च्या पाढ्यातली आहे, त्यामुळे वजा करायची बेरीजही त्याच पाढ्यातली हवी, आणि सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढे जात नाही. म्हणजे फक्त सहा वजाबाक्या. १८ वजा केले की ७२०७०२, अंकबेरीज १८. जुळलं! २७ वजा केले की ७२०६९३, अंकबेरीज २७. पुन्हा जुळलं! ९, ३६, ४५ आणि ५४ वजा करून बघा, तिथे जुळत नाही. म्हणजे आपली संख्या देवळाली संख्या नाही.