टेस्ट ड्रायव्हर व्हायचंय? तयारी सोलापुरातच सुरू करा

"तिसरा गिअर, स्पीड ३८ ते ४२, पुढच्या डाव्या चाकाकडनं टकटक, खड्ड्यात नाही, फक्त स्पीडब्रेकर उतरताना."

हे असं एक वाक्य ज्याला लिहिता येतं त्याला टेस्ट ड्रायव्हरच्या, म्हणजे गाड्या चालवून त्यातले दोष टिपायच्या लाइनमध्ये किंमत आहे. मी चाकणला एंड्युरन्सच्या, म्हणजे गाडी किती टिकते ते बघायच्या टेस्टच्या गाड्या चालवायचो, कॉन्ट्रॅक्टरकडनं, तीन शिफ्ट, तोच रूट, तीच गाडी, रोज शेकडो किलोमीटर. पहिल्या महिन्यात मी लॉगशीटवर नुसतं "पुढून आवाज येतोय" एवढंच लिहिलं आणि वर्कशॉपच्या पोरांचा अर्धा दिवस आवाज शोधण्यात गेला, ते मला लई लागलं. त्या दिवसापासनं खिशात छोटी वही ठेवायला लागलो.

तर आधी लायसन. अठरा पूर्ण झाले की एलएमव्ही, म्हणजे कार-जीपचं लायसन काढा. वर्षभरानं हेवीचं काढता येतं, पण त्याला वय वीस पूर्ण पाहिजे आणि ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, मेडिकल लागतं. ट्रक-बसच्या टेस्टिंगला हेवीवाला पोरगा कमीच मिळतो, म्हणून हे काढाच. आणि चलन साठवू नका, रेकॉर्ड बघतात.

शिक्षणात आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड चांगला, दोन वर्षांचा आहे, डिझेल मेकॅनिक एका वर्षात होतो. डिप्लोमा केला तर पुढं टेस्ट इंजिनिअरकडं जायची वाट उघडी राहते. पण नुसतं सर्टिफिकेट घेऊन उपयोग नाही, गॅरेजमध्ये सहा महिने हात काळे करा, कारण बेअरिंग गेल्यावर कसा आवाज येतो आणि बुश गेल्यावर कसा, हे कानाला एकदा कळलं की विसरत नाही.

आता सराव, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. तुळजापूर रोडला सकाळी लवकर निघा, टाकी फुल करून जा, येऊन परत त्याच पंपावर फुल करा, किती लिटर बसलं ते लिहा, हे दहा वेळा करा. टायरची हवा गाडी थंड असताना बघायची, दरवेळी सारखीच ठेवायची. दहाही वेळेला अॅव्हरेज जवळजवळ सारखं आलं म्हणजे तुमचा पाय स्थिर झाला. स्पीडचा किंवा ब्रेकचा प्रयोग मात्र रोडवर अजिबात करू नका, ते ट्रॅकवरचं काम आहे, आपल्या हायवेला माणसं चालत असतात. आपल्या उन्हाचापण उपयोग करून घ्या, मे महिन्यात भर दुपारी गाडी दोन तास उन्हात लावा, मग एसी चालू करून मागच्या सीटवर गार हवा किती मिनिटांत लागते ते मोजा. कंपन्या हीच टेस्ट मीटर लावून करतात.

पायाचा हा सराव लॅबमध्ये कामाला येतो. तिथं गाडी रोलरवर असते, समोर स्क्रीनवर स्पीडची रेष पळते आणि ती तुम्ही धरून ठेवायची, दोन किलोमीटर वर नाही की खाली नाही. या ठरवून दिलेल्या रेषेला एमआयडीसी सायकल म्हणतात, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल (आपल्या चिंचोळीची एमआयडीसी नव्हे बरं का), ती ११८० सेकंदांची असते, कमाल स्पीड ९०. रेष सुटली की टेस्ट वाया.

कामाच्या जागा म्हणाल तर पुण्यात गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासनं आहे, अहिल्यानगरला डीआरडीओची व्हीआरडीई, इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे टेस्ट ट्रॅकचं केंद्र, तिथला हायस्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा. शिवाय पिंपरी-चाकणच्या कंपन्या. सुरुवात बहुतेक कॉन्ट्रॅक्टरकडनंच होते, त्यामुळं जॉइन व्हायच्या आधी पीएफ, ईएसआयसी आणि अपघात विमा लेखी मागा. मला एका ठिकाणी तोंडी सांगितलं होतं आणि तीन महिने पीएफच कापला नाही, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय. नवीन मॉडेलचा फोटो काढला तर नोकरी जाते, घरच्यांनापण दाखवायचा नाही. रात्रपाळीला झोप आली तर सरळ गाडी बाजूला घेऊन सांगा, लपवू नका.

ट्रायलला बोलावलं की आदल्या दिवशीच पुण्याला जा, झोप पूर्ण करा. गाडी मिळाल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. एक चक्कर मारून टायर बघा, खाली तेल सांडलंय का बघा, बोनेट उघडून कूलंट बघा, मग सीट, आरसे, बेल्ट. बाजूला पॅड घेऊन उभा असलेला माणूस हेच टिपत असतो.