ताफा बदलताना: प्रादेशिक विमान कंपनीतील वैमानिकांसाठी मार्गदर्शन

प्रादेशिक विमान कंपनीने विमानांचा ताफा बदलण्याचे ठरवले, की वैमानिकांमध्ये पहिली चर्चा नव्या विमानाची होते. वैमानिकाच्या दृष्टीने खरा बदल मात्र त्याच्या लॉगबुकातील (उड्डाणांच्या नोंदवहीतील) तासांच्या किमतीत होतो. काल ज्या टाइप रेटिंगवर, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या परवान्यावरील पात्रतेवर, नोकरी टिकून होती, ते उद्या देशात कोणालाच नको असेल, असेही घडते. म्हणून हा बदल कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावे आणि निर्णय नंतर घ्यावा.

त्यासाठी आपल्या देशात प्रादेशिक विमान निवडले कसे जाते, हे ठाऊक असले पाहिजे. कमाल आसनक्षमता ऐंशीपेक्षा कमी असलेल्या विमानांना देशांतर्गत नियमित सेवेसाठी अनेक विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ असते, आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ४०,००० किलोपेक्षा कमी असलेल्या नियमित सेवेतील विमानांच्या इंधनावरील विक्रीकराला केंद्रीय कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. इंडिगोच्या एटीआर ७२-६०० या टर्बोप्रॉप (इंजिनाने पंखा फिरवून उडणाऱ्या) विमानात ७८ आसने का आहेत आणि स्पाइसजेटच्या क्यू४०० या तशाच विमानातही बरीच वर्षे तेवढीच का होती, याचे उत्तर यांतील पहिल्या सवलतीत मिळते. एटीआरचे कमाल वजन सुमारे २३ टन, क्यू४०० चे तीसच्या आतबाहेर, तर ए३२०निओ या मोठ्या जेटचे जवळपास ७९ टन असते. त्यामुळे एखादी छोटी कंपनी 'आता आम्ही मोठ्या जेटकडे जाणार' असे जाहीर करते तेव्हा ती या दोन्ही सवलती सोडून देत असते, आणि त्या बदल्यात तिच्याकडे तेवढे प्रवासी असलेले मार्ग आहेत का, हा प्रश्न वैमानिकाने व्यवस्थापनाइतकाच गांभीर्याने विचारायला हवा. कोल्हापूर, जळगाव किंवा सिंधुदुर्ग अशा ठिकाणांहून १८० आसने रोज भरत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ताफ्यातील बदल ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. सर्वांत सौम्य बदल म्हणजे त्याच विमानाची नवी आवृत्ती येणे. एटीआर ७२-५०० वरून ७२-६०० कडे जाताना काचपटलांचा नवा कॉकपिट शिकावा लागतो, पण त्यासाठी फरक-प्रशिक्षण पुरते, आणि एटीआर ४२ व ७२ यांचे टाइप रेटिंग एकच असल्याने तास वाया जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात जुन्याच्या जोडीला वेगळे विमान येते. घोडावत समूहाच्या स्टार एअरने २०१९ मध्ये पन्नास आसनी ईआरजे-१४५ ने सुरुवात केली आणि २०२३ मध्ये ई१७५ आणले. दोन्ही विमाने एम्ब्रेअर या एकाच उत्पादकाची असली तरी रेटिंग स्वतंत्र आहे, म्हणून इथे 'कोण आधी जाणार' हा प्रश्न उभा राहतो आणि ज्येष्ठता यादीतला एकेक क्रमांक मोलाचा ठरतो. तिसऱ्या प्रकारात मोठ्या कंपनीच्या पोटात छोट्या विमानांचा विभाग असतो. इंडिगोने डिसेंबर २०१७ मध्ये एटीआर उडवायला सुरुवात केल्यापासून तिथे मोठ्या जेटच्या जोडीला असा वेगळा ताफा आहे. अशा कंपनीत एका ताफ्यातून दुसऱ्यात जाण्याचे नियम लेखी मागून घ्यावेत, तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

चौथा प्रकार म्हणजे आक्रसणे, आणि तो कधीही त्या नावाने जाहीर होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव मार्गावर बीचक्राफ्ट १९००डी या छोट्या विमानाने उडान या सरकारी प्रादेशिक विमानसेवा योजनेतील सेवा सुरू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीचे कामकाज थांबले. त्या विमानाचे रेटिंग घेऊन देशातील दुसऱ्या मोठ्या कंपनीचे दार ठोठावण्यात अर्थ नव्हता. एटीआर उडवणारी ट्रूजेटही २०२२ मध्ये बंद पडली, परंतु तिच्या वैमानिकांकडे निदान चलनात असलेले रेटिंग होते. कंपनी निवडताना ती टिकेल का, याचा अंदाज चुकू शकतो. तिचे विमान आणखी किती ठिकाणी उडते, हे मात्र आधीच मोजता येते. माझ्या मते प्रादेशिक क्षेत्रात नव्याने येणाऱ्या सहवैमानिकाने पगाराच्या आकड्याआधी हेच मोजावे. गोव्यातील फ्लाय९१ ने मार्च २०२४ मध्ये सेवा सुरू करताना एटीआर ७२-६०० निवडले. तिथे मिळालेला अनुभव अलायन्स एअर किंवा इंडिगोलाही उपयोगी आहे, ही त्या निवडीची वैमानिकाच्या बाजूने दिसणारी जमेची बाजू आहे.

आक्रसण्याची चिन्हे कागदावर लवकर दिसतात. बहुतेक विमाने भाडेकरारावर असतात, म्हणून कोणत्या विमानाचा करार कधी संपतो हे अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांकडून समजून घ्यावे. भाडे थकले की विमानाचा मालक नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करतो, आणि असे अर्ज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. आपल्या कंपनीचे विमान त्या यादीत दिसले, तर व्यवस्थापनाच्या पुढच्या पत्राची वाट पाहू नये. उभ्या असलेल्या एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला बसवले जात असतील, तर तेही तेवढेच बोलके असते. विमानाची निर्मिती चालू आहे का, हेही तपासावे. नवी क्यू४०० कारखान्यातून येणे २०२१ नंतर थांबले, त्यामुळे असा ताफा वाढवायचा तर जुनी विमानेच शोधावी लागतात. उडान योजनेतील मार्गाला मिळणारे आर्थिक साहाय्य साधारण तीन वर्षांचे असते, तेव्हा आपण ज्या मार्गांवर जास्त उडतो त्यांची मुदत वहीत लिहून ठेवावी.

उलट बाजूने, वाढ खरी आहे का हेही ओळखता येते. सामंजस्य करार, विमान प्रदर्शनातील हस्तांदोलन आणि शंभर विमानांची घोषणा यांवर घराचे कर्ज काढू नये. सिम्युलेटरचे तास आरक्षित झाले, नव्या विमानासाठी प्रशिक्षक व परीक्षक नेमले गेले आणि पहिल्या तुकडीची नावे लागली, की विमान येणार असे समजावे.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे वळू. सहवैमानिकाचे कमांडसाठी, म्हणजे कॅप्टनपदासाठी, लागणारे तास पूर्ण होत आले असतील, तर जेटच्या आकर्षणाने ताफा बदलण्यापूर्वी थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या विमानावर कंपनीची किमान तासांची अट पुन्हा शून्यापासून मोजली जाऊ शकते, शिवाय सुरुवातीला विमाने कमी आणि वैमानिक जास्त अशी स्थिती असल्याने महिन्याचे तासही घटतात. एटीआरवर कॅप्टन म्हणून मिळवलेले तास पुढे कुठेही 'कमांड' म्हणूनच मोजले जातात. ज्यांची कमांड अजून लांब आहे, त्यांनी मात्र लवकर बदल स्वीकारलेला बरा. प्रादेशिक उड्डाणांत टप्पे छोटे असतात, त्यामुळे उतरण्याचा अनुभव भरपूर मिळतो, पण तास सावकाश जमतात. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी लागणारे १,५०० तास कधी पूर्ण होतील, याचा हिशेब रॉस्टरवरील (कामाच्या वेळापत्रकातील) कमाल तासांवर न करता प्रत्यक्षात उडालेल्या तासांवरून करावा. परदेशी नोकरीचा विचार असेल, तर अनेक कंपन्या ठरावीक वजनावरील जेटचेच तास मोजतात हे लक्षात घ्यावे. ई१७५ जेट असूनही चाळीस टनांच्या आसपासचे आहे, आणि पन्नास टनांची अट असेल तिथे ते कमी पडते.

कागदपत्रांच्या बाबतीत आळस महागात पडतो. लॉगबुक दरमहा प्रमाणित करून घ्यावे, डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरील नोंदी त्याच्याशी जुळवाव्यात, आणि प्रशिक्षणाच्या व प्रवीणता चाचण्यांच्या प्रती कंपनीचा प्रशिक्षण विभाग चालू असतानाच मिळवाव्यात, कारण बंद पडलेल्या कार्यालयातून शिक्का मिळवणे फार अवघड असते. विमान जमिनीवर राहिले, की गेल्या ९० दिवसांतील किमान तीन उड्डाणे व अवतरणे ही अट चटकन हातची जाते. मग आधी सिम्युलेटरवर ती भरून काढावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत या धावपळीत संपू देऊ नये.

करारपत्र सर्वांत सावकाश वाचावे. नव्या टाइप रेटिंगबरोबर नवा बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची आर्थिक हमी, येतो, आणि जुन्याची उरलेली मुदत त्यात मिळते, संपते की समांतर चालू राहते, हे लेखी विचारावे. बॉण्डची रक्कम दरमहा घटते का? प्रशिक्षण झाले पण विमान आलेच नाही, किंवा आलेले विमान मालकाने परत नेले, तर ती रक्कम कोणी भरायची? या प्रश्नांची उत्तरे करारात नसतील, तर सही करण्यापूर्वी तशी कलमे घालून घ्यावीत आणि वकिलाला दाखवावीत. राजीनाम्याच्या बाबतीत डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. नियमाची चालू आवृत्ती पाहूनच तारीख ठरवावी. कंपनीने ना हरकत प्रमाणपत्र दिले तर हा काळ कमी होऊ शकतो, म्हणून ताफा कमी होत असताना ते आधी मागावे. अशा वेळी कंपनीलाही पगाराचा भार हलका करायचा असतो.

टर्बोप्रॉपवरून जेटवर जाताना अभ्यासाची दिशाही बदलावी लागते. एटीआरवर शक्ती कमी केली की पंखे वाऱ्याला आडवे येऊन विमानाचा वेग झटकन उतरवतात. जेट तसे सहज मंदावत नाही, त्यामुळे उतरणीचे नियोजन बरेच आधी करावे लागते, आणि इंजिनाला शक्ती द्यायला लागणारा थोडा वेळही गृहीत धरावा लागतो. उलट जेटवरून एटीआरवर येणाऱ्याने हिमसंचयाच्या वेळच्या किमान वेगांचा आणि इंजिन निकामी झाल्यावर पायाने सांभाळायच्या सुकाणूचा सराव अधिक करावा. रेटिंगचा अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच विमानाची हस्तपुस्तिका मागून घ्यावी. सिम्युलेटरचे सत्र महागडे असते, आणि तिथे बटणांच्या जागा शोधण्यात वेळ गेला तर अतिरिक्त सत्राचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हेही त्याच करारात पाहून ठेवावे.