बेळगाव-निपाणीकडे शाळा बदलताना: अनुभवी शिक्षकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या खासगी शाळा मुलाखती बहुधा एप्रिल-मेमध्येच उरकतात, कारण कर्नाटकात शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरतात. म्हणून कागदांची जमवाजमव दिवाळी झाली की सुरू करा.

सगळ्यात आधी अनुभवाचा दाखला. ‘यांचे काम समाधानकारक होते’ एवढ्या दोन ओळींना कुणी विचारत नाही. रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, इयत्ता, विषय, माध्यम, शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी शाळा-नोंदणीतला), जावक क्रमांक आणि शिक्का हे सगळं त्यावर हवं. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिस्वाक्षरी मिळाली तर फारच बरं. मग दाखला पीएफच्या पासबुकाशी ताडून पाहा. काही शाळा पहिली एक-दोन वर्षं पीएफ भरतच नाहीत. दाखला 12 वर्षं सांगतो, पासबुक 10, आणि शंका तुमच्यावर येते. त्या वर्षांचं नेमणूकपत्र आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट सोबत ठेवा. शिक्षिकांच्या बाबतीत नावाचा घोळ हमखास: एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला फाइलीत असू द्या.

‘या वयात कसली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा)’ म्हणून पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी टाळाटाळ करू नये. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास होण्यास सांगितलं; अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे सोपवला. पेपर 150 गुणांचा, खुल्या वर्गाला 90 लागतात. पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सीबीएसई शाळेकडे डोळा असेल तर सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी द्या. तिथे भाषा म्हणून मराठी घेता येते.

कन्नडचं काय, हा प्रश्न मुलाखतीत येणारच. 2015 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते, आणि खात्याची परिपत्रकंही कन्नडमध्येच येतात. परिपत्रक वाचून त्याला चार ओळींचं उत्तर लिहिता आलं तरी मराठी माध्यमाबाहेरची दारं उघडतात. महाराष्ट्रात अनुदानित जागा हवी असेल तर वाट टेट (टीईटीहून वेगळी अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून जाते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतले असाल तर जाहिरातीत सीमाभागाचं कलम आणि 15 वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याची अट आधी शोधा. वयोमर्यादाही तेव्हाच बघा. चाळिशीत बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

डेमो पाठात मात्र अनुभवच आडवा येतो. पंधरा-वीस मिनिटांत अख्खा धडा उरकायचा मोह होतो आणि बोलणं एकतर्फी होतं. एकच संकल्पना घ्या, तीही मुलं हमखास चुकतात अशी. सहावीला 1/2 + 1/3 द्या. कुणीतरी 2/5 म्हणेलच. लगेच दुरुस्त करू नका. 2/5 हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान, एवढंच विचारा. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे वर्गाच्याच तोंडून आलं पाहिजे. मागे बसलेल्या मुख्याध्यापकांना त्यात तुमची वर्षं दिसतात. बायोडेटाचं चौथं पान ते वाचत नाहीत.

पगाराचं बोलताना हातात किती, पीएफ दोन्ही बाजूंचा कोण भरतं आणि सुट्टीतले महिने धरलेत का, हे तिन्ही विचारा. मे महिन्याचा पगार न देणाऱ्या शाळा आहेत. ‘पुढे अनुदान येईल, आत्ता डोनेशन द्या’ म्हणणाऱ्यांकडे पद मंजूर असल्याचा आदेश मागा. नाही दाखवला तर उठा.

नवं नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. सोडताना जुन्या शाळेकडून यू-डायसमधलं नाव मोकळं करून घ्या, नाहीतर नव्या शाळेला तुमची नोंद करता येत नाही. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी हक्काची आहे, खासगी शाळेतसुद्धा. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 20,000 रुपयांवर 12 वर्षांचे सुमारे 1,38,461 रुपये होतात. अर्ज शक्यतो 30 दिवसांच्या आत द्या आणि पोच घ्या.