परदेशात दातांचे उपचार: परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

दातांच्या कामासाठी परदेशी जायचा बेत बहुतेक जण रजेपासून आखायला घेतात. दहा दिवस सुट्टी मिळाली, तिकीट स्वस्त दिसलं, आता एवढ्या दिवसांत काय ते क्लिनिक उरकून देईल, असा हिशेब असतो. पण हाड आणि हिरडी आपल्याच वेगाने भरून येतात, विमानाची वेळ त्यांना ठाऊक नसते. म्हणून बेत उलट्या क्रमाने आखा. आधी नेमकं काम ठरवा, मग ते भरून यायला किती दिवस लागतील ते बघा, त्यावरून मुक्काम ठरवा आणि परतीचं तिकीट अगदी शेवटी, शक्यतो तारीख बदलता येईल असंच काढा.

आधी घरच्या डेंटिस्टकडे

परदेशातल्या क्लिनिकला पहिला ईमेल करण्याआधी आपल्या नेहमीच्या डेंटिस्टकडून तपासणी, ओपीजी आणि उपचारांचा लेखी आराखडा घ्या. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे. आराखडा हातात असला की परदेशातून आलेला प्रस्ताव कशाशी तरी ताडून पाहता येतो. इथे चार कॅप (कोरलेल्या दातावर बसवायची टोपणं) सांगितल्या आणि तिथून वीस कॅपचा प्रस्ताव आला, तर जास्तीच्या सोळा कशासाठी हे विचारायला तुमच्याकडे आधार राहतो. हिरड्यांचा आजार किंवा कीड असेल तर ते उपचार घरीच पुरे करून निघा. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीजवळ घेतलेलं माप बिघडतं, आणि आजारी हिरडीत बसवलेलं इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, टिकण्याची शक्यता कमी होते.

एकच फिलिंग, एकच कॅप किंवा साधं रूट कॅनाल एवढंच काम असेल तर जाऊ नका. प्रवास, मुक्काम आणि बुडालेले कामाचे दिवस धरले की बचत उरत नाही.

तब्येतीची माहिती लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, पेनिसिलिनची ॲलर्जी, हृदयाची झडप बदललेली असणं हे सगळं आधीच लेखी कळवा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अलेन्ड्रोनेटच्या गोळ्या किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं घेत असाल तर तेही ठळकपणे सांगा. या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरता उघडं राहण्याचा धोका असतो. मात्र ही औषधं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांनाच विचारायचं. धूम्रपान करत असाल तर निदान शस्त्रक्रियेच्या आधीपासून टाके निघेपर्यंत थांबवा.

दातांच्या क्रमांकातली गफलत

कागदोपत्री होणारी एक चूक फार महागात पडू शकते. दातांना क्रमांक देण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जगात बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या एफडीआय पद्धतीत 16 म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. अमेरिकेत चालणाऱ्या युनिव्हर्सल पद्धतीत 16 म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. तसंच 11 म्हणजे एकीकडे वरचा उजवा पटाशीचा दात, तर दुसरीकडे वरचा डावा सुळा. म्हणून ईमेलमध्ये आणि संमतीपत्रावर नुसता आकडा चालवून घेऊ नका. 'वरची, उजवी, पहिली मोठी दाढ' असं शब्दांत लिहून घ्या आणि भूल देण्याआधी आरशात बघून बोटाने दात दाखवा.

क्लिनिक निवडताना काय मागायचं

चकचकीत फोटोंपेक्षा हे कागद महत्त्वाचे: उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक (तो त्या देशाच्या दंतवैद्यक परिषदेच्या यादीत स्वतः तपासा), कामागणिक वेगळा दर दाखवणारा अंदाजपत्रकाचा तक्ता, वापरणार त्या इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल, कॅपचा पदार्थ आणि भेटींचं दिवसवार वेळापत्रक. हाडाची भर, सीटी स्कॅन, तात्पुरत्या कॅप आणि भूल या गोष्टी दरात धरल्या आहेत की वेगळ्या, हे नेमकं विचारा. गॅरंटी वाचताना दोन वाक्यं शोधा. एक, पुन्हा यावं लागलं तर प्रवासखर्च कोणाचा? दुसरं, दरवर्षी त्यांच्याच क्लिनिकमध्ये तपासणीला येण्याची अट आहे का? अशी अट पाळणं जमणार नसेल तर ती गॅरंटी तुमच्यासाठी नाहीच असं धरा.

'व्हिनिअर' या शब्दाखाली काय विकलं जातंय तेही बघा. व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, आणि त्यासाठी त्या बाजूचा साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर थर काढतात. कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो आणि चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर उंची जाते. कोरलेला दात परत वाढत नाही. जाहिरातीत व्हिनिअर आणि प्रत्यक्षात धडधाकट दातांवर वीस कॅप, असे प्रकार घडतात. 'माझ्या प्रत्येक दाताचा किती भाग काढणार?' या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नका.

अंतराचाही विचार करा. हंगेरीतलं मोशोनमाग्यारोवार किंवा मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस ही गावं दातांच्या दवाखान्यांसाठीच ओळखली जातात, आणि दोन्ही सीमेला लागून आहेत. पलीकडून येणाऱ्या रुग्णाची कॅप सैल झाली तर तो गाडी काढून परत जाऊ शकतो. दुसऱ्या खंडातून येणाऱ्याला ती सोय नाही. त्याने जास्त दिवस राखून ठेवावेत आणि एका अनपेक्षित फेरीचे पैसे पहिल्याच हिशेबात धरावेत.

कोणत्या कामाला किती दिवस

कॅप किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने पडलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडलेल्या कॅप): दात कोरून माप घेणं, लॅबचे पाच ते सात कामाचे दिवस, घालून पाहणं, पक्कं बसवणं आणि त्यानंतर दोन मोकळे दिवस. म्हणजे दहा ते बारा दिवस. काही क्लिनिकांत मशीनवर एकाच दिवसात कॅप तयार होते, एक-दोन दातांसाठी ते ठीक. संपूर्ण जबड्याचं काम मात्र पाच दिवसांत होईल असं कोणी म्हणत असेल, तर त्यात घालून पाहण्याचा दिवस कुठे आहे ते विचारा. सहसा तोच गाळलेला असतो.

रूट कॅनाल: विमानात बसण्याआधी ते पूर्ण झालेलं असावं. अर्धवट काम तात्पुरत्या सिमेंटने बंद करून उड्डाण केलं तर आत अडकलेली हवा प्रसरण पावून ठणका लागू शकतो. विमानातला हवेचा दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो.

इम्प्लांट: इथे दोन फेऱ्या धराव्याच लागतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या 1952 मध्ये लक्षात आलं आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. तेव्हापासून तंत्र खूप सुधारलं, तरी हाड जुळायला अजूनही काही महिने लागतातच. खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन, वरच्या जबड्यात हाड मऊ असल्याने चार ते सहा, आणि हाडाची भर घातली असेल तर त्याहून जास्त. पहिल्या फेरीला दहा-बारा दिवस ठेवा, कारण टाके सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. दुसऱ्या फेरीलाही तेवढेच. त्यात एक मेख आहे. इम्प्लांट हिरडीखाली पूर्ण झाकून ठेवलं असेल तर ते उघडल्यावर हिरडीला आकार यायला आणखी दोनेक आठवडे जातात आणि दुसरी फेरी लांबते. पहिल्याच वेळी हिरडीबाहेर दिसणारी हीलिंग कॅप (दाताची कॅप नव्हे, हिरडीला आकार देणारं इम्प्लांटवरचं तात्पुरतं झाकण) लावता येईल का, हे आधी विचारून ठेवा.

चार इम्प्लांटवर एका दिवसात सगळे दात, अशी पद्धत अस्तित्वात आहे आणि योग्य हाड असलेल्याला ती लाभतेही. पण त्या दिवशी बसतात ते प्लॅस्टिकचे तात्पुरते दात. पक्के दात काही महिन्यांनीच बसतात, आणि तोवर कडक काही चावायचं नसतं. हाड जुळत असताना जोर पडून इम्प्लांट सूक्ष्म हललं तर त्याभोवती हाडाऐवजी तंतूंचं मऊ आवरण तयार होतं आणि ते सुटतं.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

फिरायचं असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधी उरकून घ्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरू लागते. पहिला दीड-एक दिवस गालावर बाहेरून बर्फाची पिशवी पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, तेवढाच वेळ काढायची. झोपताना उशी उंच. पहिले 24 तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. दात काढलेल्या जागी धरलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं पांघरूण आहे, ती निघाली की उघडं पडलेलं हाड तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणकू लागतं. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच चूळ. पोहणं, व्यायाम, ओझं उचलणं आणि मद्य आठवडाभर बंद. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर मद्य त्या गोळ्या चालू असेपर्यंत आणि नंतरही दोन-तीन दिवस पूर्ण वर्ज्य.

साधा दात काढल्यावर दोन ते तीन दिवस, इम्प्लांटनंतर किमान आठवडाभर विमान टाळलेलं बरं. वरच्या जबड्यात सायनसचा (वरच्या दाढांवरच्या, नाकाशी जोडलेल्या हवेच्या पोकळीचा) तळ उचलून हाड भरलं असेल, तर निदान दोन आठवडे आणि तेही सर्जनने लेखी परवानगी दिल्यावरच. या काळात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आतला दाब वाढला की भरलेलं हाड जागचं हलतं.

काही लक्षणांसाठी थांबायचं नसतं. भूल उतरायला हवी त्या वेळेनंतरही खालचा ओठ आणि हनुवटी बधिरच असेल, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर ते पहिल्या दिवसभरात मागे घेण्याचा उपयोग होतो, आठवड्याने सांगून फारसा होत नाही. तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, न थांबणारं रक्त ही तातडीची लक्षणं आहेत. गिळता येत नसेल किंवा श्वासाला अडथळा येत असेल तर क्लिनिकची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा. रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. सर्वसाधारण प्रवास विम्यात ठरवून केलेल्या उपचारांतली गुंतागुंत बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते.

कॅप पक्की बसवण्याआधी

हा अर्धा तास घाईत घालवू नका. कॅप तात्पुरत्या लावून खिडकीच्या उजेडात रंग बघा, कारण खुर्चीवरच्या दिव्याखाली तो फसवा दिसतो. 'साठ, पासष्ट, सहासष्ट' असं मोठ्याने म्हणा. 'स' सुटताना शिट्टी वाजत असेल किंवा दात एकमेकांवर आपटत असतील तर लांबी किंवा आकार चुकला आहे. दातांमधून धागा फिरवून बघा, तो अडखळत आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा.

मग डॉक्टर निळा कागद चावायला देतात आणि उंच लागणारी जागा घासतात. यातली अडचण अशी, की भुलीने बधिर झालेल्या तोंडाला चावा नीट कळत नाही. 'ठीक वाटतंय' म्हणून माणूस उठतो आणि रात्री एकच दात आधी टेकतोय हे जाणवतं. केसाएवढा उंचवटाही काही दिवसांत दात दुखवतो किंवा पोर्सेलिनचा टवका उडवतो. म्हणून बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, तोंड पूर्ण शुद्धीवर असताना, चावा पुन्हा तपासून घ्या. वर सांगितलेले दोन मोकळे दिवस यासाठीच असतात.

निघताना आणि घरी आल्यावर

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता कागद हातात आल्यावर. कागद म्हणजे केलेल्या कामाचा दातवार अहवाल, आधीचे-नंतरचे एक्स-रे, सीटी स्कॅनची डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, तिचा फोटो चालत नाही), कॅपचा पदार्थ, सिमेंटचं नाव आणि इम्प्लांटच्या डबीवरचे स्टिकर. स्टिकरवर कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. लांबच्या विमानात अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा.

घरच्या डेंटिस्टची वेळ निघण्याआधीच ठरवलेली असावी, परतल्यावर दोन आठवड्यांच्या आतली. परक्याने केलेलं काम बघायला त्यांची तयारी आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. सगळेच तयार होत नाहीत. इम्प्लांटवरची कॅप पुढे कधी हलू लागली तर बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो, आणि तो वेळीच आवळला तर काम थोडक्यात आटपतं. पण त्या स्क्रूचा ड्रायव्हर कंपनीगणिक वेगळा असतो. स्टिकर दाखवलं तर डेंटिस्ट नेमका तो मागवतात, नाहीतर एक्स-रेवरून कंपनी ओळखत बसावं लागतं आणि तोवर हलत्या कॅपखाली स्क्रू तुटण्याचा धोका वाढत जातो.